नव्वद दिवसांची नौका : ‘इटास्का’ची चार वर्षे

(शताब्दी महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



आरमारी इतिहासाचे ग्रंथ चाळताना वाचकाचे लक्ष बहुधा मोठ्या नौकांकडे जाते. सेनापतींची निशाणे ज्यांच्या डोलकाठ्यांवर फडकली, ज्यांची चित्रे काढली गेली, त्या नौकांची चरित्रे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. आजचा विषय असलेली ‘इटास्का’ ही त्या पंक्तीतली नव्हे. ती एक लहानशी लाकडी वाफेची तोफनौका. लांबी सुमारे १५८ फूट, रुंदी २८ फूट, आणि नौदलातील सेवा चार वर्षांपेक्षाही कमी. तरीही अमेरिकेच्या यादवी युद्धात नाकेबंदी नावाचे कंटाळवाणे, चिकाटीचे आणि परिणामांच्या दृष्टीने अत्यंत कठोर असे काम ज्या नौकांनी केले, त्यांचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर इटास्काएवढे चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. त्या नाकेबंदीचे धागे मुंबईच्या कापूसबाजारापर्यंत आणि धारवाडच्या काळ्या मातीपर्यंत येऊन पोहोचले होते, हे पुढे ओघाने येईलच.

१८६१ च्या एप्रिल महिन्यात दक्षिणेकडील फुटीर राज्यांनी समटर किल्ल्यावर तोफा डागल्या आणि युद्धाला तोंड फुटले. १९ एप्रिल रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. घोषणा करणे सोपे होते. परंतु हा किनारा सुमारे साडेतीन हजार मैलांचा, खाड्या, वाळूचे दांडे आणि दलदली यांनी भरलेला. उत्तरेच्या नौदलाच्या यादीत त्या वेळी कशीबशी नव्वद जहाजे होती, त्यांतील जेमतेम चाळीस-बेचाळीस प्रत्यक्ष कामावर, आणि तीही जगभर विखुरलेली. त्यातच आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेच होता. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याप्रमाणे नाकेबंदी बंधनकारक ठरण्यासाठी ती परिणामकारक असणे आवश्यक होते. कागदावरची नाकेबंदी मानण्यास इंग्लंड-फ्रान्स बांधील नव्हते. म्हणजे प्रत्येक महत्त्वाच्या बंदरापुढे खरोखरीची नौका, खरोखरीच्या तोफांसह, दिवसरात्र उभी असली पाहिजे. ती नौका आणायची कुठून?

नौदलमंत्री गिडिअन वेल्स यांनी येथे कायदेशीर औपचारिकतेपुढे जाऊन एक धाडस केले. काँग्रेसची मंजुरी हाती येण्यापूर्वीच त्यांनी खासगी गोद्यांना लहान तोफनौका बांधण्याचे ठेके देण्यास आरंभ केला. आराखडा जॉन लेंथॉल यांच्या बांधणी खात्याने दिला. यंत्रांसाठी नव्याने विचार करीत बसण्यास वेळ नव्हता. न्यूयॉर्कच्या नॉव्हेल्टी आयर्न वर्क्सने रशियासाठी केलेल्या यंत्रांचा नमुनाच उचलला गेला. एकूण तेवीस नौका बांधल्या गेल्या. पहिल्या नौकेच्या नावावरून त्यांना ‘उनाडिल्ला’ वर्ग म्हणतात. पण लोकांच्या तोंडी ‘नव्वद दिवसांच्या तोफनौका’ हेच नाव बसले, कारण त्यांपैकी पहिल्या काही नौका ठेक्यापासून सुमारे तीन महिन्यांत पाण्यात उतरल्या. घाईची किंमत लाकडाने मोजली. जहाजासाठी लाकूड वर्षानुवर्षे वाळवून मुरवावे लागते, हे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील कोणताही सुतार सांगेल. या नौकांना ओले लाकूड वापरावे लागले. ते सुकताना फटी पडत, आत कूज शिरे. शिवाय उथळ तळ आणि डेकवरच्या जड तोफा यांमुळे त्या भर समुद्रात इतक्या डोलत की नव्या खलाशांची आतडी पिळवटून निघत.

इटास्का फिलाडेल्फियाच्या हिलमन आणि स्ट्रीकर यांच्या गोदीत तयार झाली. १ ऑक्टोबर १८६१ रोजी ती पाण्यात उतरली आणि २८ नोव्हेंबरला लेफ्टनंट सी. एच. बी. कॉल्डवेल यांच्या हुकमतीखाली नौदलात दाखल झाली. तिचे नाव मिनेसोटातील एका सरोवरावरून घेतले होते. मिसिसिपी महानदीचा उगम याच सरोवरात मानला जातो. ते नावही मोठे गमतीचे. ऐकताना ते रेड इंडियन भाषेतले वाटते. वास्तविक हेन्री स्कूलक्राफ्ट या प्रवाशाने १८३२ मध्ये ‘सत्य’ आणि ‘मस्तक’ या अर्थांचे दोन लॅटिन शब्द घेऊन, त्यांची पहिली व शेवटची अक्षरे छाटून ते बनवले. नदीच्या उगमाचे नाव धारण केलेल्या या नौकेला आपले सर्वांत मोठे काम करावयाचे होते ते मात्र त्याच नदीच्या मुखाशी.

मेक्सिकोच्या आखातात पोचताच तिला नाकेबंदीच्या कामाला जुंपण्यात आले. १९ जानेवारी १८६२ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ तिने ‘लिझी वेस्टन’ हे शिडाचे गलबत धरले. कापसाच्या गाठी भरून ते जमैकाकडे निघाले होते. ही तिची पहिली शिकार. दक्षिणेची सारी श्रीमंती त्या गाठींत होती, आणि आपला कापूस अडला म्हणजे इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील व इंग्लंड आपल्या बाजूने युद्धात उतरेल, असा दक्षिणेच्या पुढाऱ्यांचा हिशेब होता. या भ्रमापायी त्यांनी पहिल्या वर्षी, नाकेबंदी अगदीच विरळ होती तेव्हा, स्वतःच कापूस रोखून धरला. गोदामे भरलेली आणि समुद्र बराचसा मोकळा, ही संधी त्यांनी आपल्या हातांनी घालवली. समुद्रावरची माळ आवळली गेली तेव्हा त्याच गाठी बाहेर काढण्यासाठी त्यांना चोरट्या जहाजांचा आश्रय घ्यावा लागला.

एप्रिल १८६२ मध्ये इटास्का ॲडमिरल फॅरागट यांच्या ताफ्यात होती. (त्या वेळी त्यांचा हुद्दा ‘फ्लॅग ऑफिसर’ असा होता, ॲडमिरलची पदवी नंतरची.) लक्ष्य होते न्यू ऑर्लिन्स, दक्षिणेचे सर्वांत मोठे शहर आणि कापसाचे सर्वांत मोठे बंदर. शहराच्या खाली सुमारे सत्तर मैलांवर नदीच्या दोन्ही तीरांवर जॅक्सन आणि सेंट फिलिप हे दोन किल्ले होते. त्यांच्या तोफांच्या माऱ्यात नदी रोखून धरणारा एक अडसर टाकलेला होता. जुन्या गलबतांची सांगाडी एका रांगेत नांगरून त्यांच्यावरून जाड लोखंडी साखळी ओढली होती. ही साखळी तुटल्याशिवाय ताफा वर जाणे अशक्य होते.

२० एप्रिलच्या रात्री हे काम इटास्का आणि तिचीच सहोदरा ‘पिनोला’ या दोन नौकांना सांगितले गेले. पिनोलावरील मंडळींनी एका सांगाड्यावर सुरुंग ठेवून तो विजेच्या तारेने उडवण्याचा बेत केला होता. नदीच्या ओढीने नौका मागे खेचली गेली, तार तुटली, आणि तो बेत तिथेच संपला. इटास्काच्या खलाशांनी जुना मार्ग पत्करला. ते अंधारात एका सांगाड्यावर चढले आणि हाताने साखळी सोडवू लागले. साखळी सुटली, पण सुटताच तो सांगाडा आणि त्याला बांधलेली इटास्का अशी दोन्ही प्रवाहात फिरून पूर्वेकडील काठाला लागली. नौका गाळात रुतली. समोर शत्रूचे किल्ले, आणि पहाट झाली की एकेक गोळा मोजून मारता येईल इतके अंतर. पिनोला मदतीला आली. दोर बांधले, ओढले, ते तुटले; पुन्हा बांधले. बऱ्याच खटपटीनंतर इटास्का मोकळी झाली.

येथे कॉल्डवेल परतले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता. परंतु ते खाली न जाता मोकळ्या झालेल्या फटीतून नदीच्या वरच्या अंगाला गेले, साखळीपासून पुरेसे अंतर घेतले, नौका वळवली आणि प्रवाहाचा व वाफेचा सारा जोर एकत्र करून थेट साखळीवर घातली. ओल्या लाकडाची ती नौका साखळीवर चढली. तिची नाळ पाण्याबाहेर तीन-चार फूट उचलली गेली, क्षणभर ती तशीच राहिली, आणि मग तिच्या भाराखाली साखळी तुटली. बाजूचे सांगाडे नांगरांसकट ओढले गेले. ताफ्याला जाण्याइतकी वाट मोकळी झाली. गोदीत घाईघाईने ठोकलेल्या नौकेचा सांधा या धक्क्याने निखळला नाही, ही गोष्ट फिलाडेल्फियाच्या सुतारांच्या लौकिकात भर घालणारी आहे. त्यांच्या कामावर टीका करणारे लेखक तिचा उल्लेख सहसा करीत नाहीत.

चार दिवसांनी, २४ एप्रिलच्या उत्तररात्री, फॅरागट यांच्या सतरा नौका किल्ल्यांसमोरून वर निघाल्या. इटास्का शेवटच्या तुकडीत होती. पुढच्या नौका अंधाराचा आणि धुराचा फायदा घेऊन निघून गेल्या. मागच्यांच्या वाट्याला मात्र सावध झालेले गोलंदाज आणि फटफटू लागलेली सकाळ आली. जॅक्सन किल्ल्यासमोर येताच एक बेचाळीस पौंडी गोळा इटास्काच्या बाजूतून शिरला आणि बॉयलर फोडून गेला. वाफेच्या नौकेला यापेक्षा भयंकर जखम नाही. कोंडलेली वाफ एकदम सुटते, यंत्रघरात होरपळ होते, खालची माणसे वर धाव घेतात. आणि वाफ नाही म्हणजे पंखा नाही, पंखा नाही म्हणजे सुकाणूही निरुपयोगी. कॉल्डवेल यांनी नौका प्रवाहाच्या हवाली केली. मार खात खात ती ताफ्याच्या पिछाडीला वाहत आली. साखळी जिने तोडली, त्या नौकेला त्या वाटेने वर जाता आले नाही. ‘विनोना’ आणि ‘केनेबेक’ या आणखी दोन तोफनौकाही मागेच राहिल्या. बाकीचे वर पोचले. २५ एप्रिलला फॅरागट न्यू ऑर्लिन्ससमोर उभे होते, आणि २८ तारखेला दोन्ही किल्ल्यांनी शरणागती पत्करली.

या एका घटनेने कापसाच्या जगाचा तोल बदलला. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे चार पंचमांश भाग अमेरिकेतून जात असे. आता त्याचे सर्वांत मोठे दार बंद झाले. लँकेशायरमध्ये गिरण्या थांबल्या, मजूर उपाशी राहिले, आणि लिव्हरपूलच्या दलालांची नजर मुंबईकडे वळली. धारवाड, हुबळी, गदग या टापूंतील वाचकांना येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा वाटेल. या भागात ‘धारवाड-अमेरिकन’ म्हणून नावाजलेला कापूस मूळचा न्यू ऑर्लिन्सच्या बियाण्याचा. १८४० नंतरच्या दशकात कंपनी सरकारच्या प्रयोगांतून ते बी इथे रुजवले गेले होते. मूळ बंदर बंद पडले तेव्हा त्याच्या बियाण्याचा वंश सह्याद्रीच्या पूर्वेला सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला. कारवारचे बंदर वाढवून धारवाडचा कापूस घाटाखाली उतरवण्याच्या योजनांना याच वर्षांत जोर आला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे चालू झाली आणि देशावरचा माल थेट मुंबईस येऊ लागला. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे ती किंमत आली. त्याबरोबर लबाडीही आली. गाठींत माती, सरकी आणि पाणी मिसळण्याचे प्रकार इतके बोकाळले की मुंबई सरकारला १८६३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

इकडे इटास्का दुरुस्त होऊन पुन्हा कामास लागली होती. जून १८६२ मध्ये मिसिसिपीवरील ग्रँड गल्फ येथे ‘विसाहिकन’ या नौकेसह तिने काठावरच्या तोफखान्यांशी झुंज दिली. नंतर तिचा मुक्काम टेक्सासच्या किनाऱ्यावर, गॅल्व्हेस्टन आणि त्याखालच्या खाड्यांसमोर पडला.

नाकेबंदीचे खरे स्वरूप येथे दिसते. नौका नांगर टाकून किंवा मंद वाफेवर उभी असते. किनाऱ्याची रेघ दिसते, पण तिथे उतरता येत नाही. विझवलेले दिवे, झाकलेल्या तोफा, दिवसा उन्हाचा ताप आणि रात्री डोळ्यांत तेल घालून पहारा. नाकेबंदी चुकवणारी जहाजे चांदणे नसलेली रात्र निवडीत. त्यांचा रंग धुक्यासारखा राखाडी, इंधन शक्यतो धूर न करणारा कोळसा, धुराडी आखूड. अशी एखादी सावली दिसली की चार घटका धावपळ. न दिसली तर आठवडेच्या आठवडे काही नाही. कोळसा संपला की पेन्साकोलासारख्या तळावर जाऊन भरावा, आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहावे. ताजी भाजी व मांस दुर्मिळ, पिवळ्या तापाची भीती कायम. त्यात १ सप्टेंबर १८६२ पासून काँग्रेसने नौदलातील दारूचा रोजचा रतीब बंद केला आणि बदल्यात दिवसाला पाच सेंट देऊ केले. समुद्राच्या मध्यावर त्या पाच सेंटांचे करायचे काय, असा प्रश्न कित्येक खलाशांना पडला असेल.

एक आशा मात्र या कंटाळ्याला जिवंत ठेवीत असे. धरलेले जहाज व त्यातील माल न्यायालयाने जप्त ठरवला की विक्रीच्या रकमेतील निम्मा भाग नौदलाच्या निवृत्तिवेतन निधीला आणि निम्मा भाग पकडणाऱ्यांना मिळे. ताफ्याच्या सेनापतीचा विसावा हिस्सा घरबसल्या निघे; उरलेल्याची वाटणी कप्तानापासून पोऱ्यापर्यंत होई. देशसेवा आणि लूट यांची ही सरमिसळ आजच्या वाचकाला खटकेल, खटकावीच. परंतु तिच्याविना ती नाकेबंदी चार वर्षे टिकली असती काय, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. १८६३ च्या जूनमध्ये इटास्काच्या नशिबाने दोन शिकारी पाठोपाठ आल्या. १७ जूनला ‘मिरियम’ आणि २२ जूनला ‘सी ड्रिफ्ट’. दुसऱ्या गलबतात बंदुकीची दारू, शिसे आणि औषधे होती. औषधे जप्त करणे हा युद्धाचा नियम होता; त्या औषधांची वाट पाहणारी इस्पितळे टेक्सासात होती, हेही या हिशेबात धरले पाहिजे.

या तोफनौकांच्या डेकवर आणखी एक बदल निमूटपणे घडत होता. दक्षिणेतील मळ्यांवरून पळालेले गुलाम होड्यांतून नाकेबंदीच्या नौकांकडे येत. सप्टेंबर १८६१ मध्ये वेल्स यांनी त्यांना नौदलात भरती करण्याची परवानगी दिली होती. आरंभी त्यांना ‘बॉय’ हा सर्वांत खालचा हुद्दाच मिळे, त्यांचे वय कितीही असो. परंतु ते गोऱ्या खलाशांबरोबर एकाच नौकेवर राबत व लढत. भूदलाने हे पाऊल उचलण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. युद्धकाळात नौदलात सेवा केलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे अठरा हजारांची नावे संशोधकांनी जुन्या हजेरीपटांतून शोधून काढली आहेत.

इटास्काची मोठी लढाई त्यानंतरची. ५ ऑगस्ट १८६४ रोजी फॅरागट यांनी मोबील उपसागरात प्रवेश केला. न्यू ऑर्लिन्सचा धडा त्यांच्या ध्यानात होता. बॉयलर फुटलेली एकटी नौका प्रवाहाबरोबर कुठेही जाते. म्हणून या वेळी चौदा लाकडी नौका दोन-दोन करून बांधल्या गेल्या. मोठी नौका मॉर्गन किल्ल्याच्या बाजूला, लहान तिच्या आडोशाला. एकीचे यंत्र बंद पडले तर दुसरी तिला ओढून नेईल. इटास्का ‘ऑसिपी’ या नौकेला बांधली होती. सात जोड्यांतील सहावी जोडी. तिचे कप्तान आता जॉर्ज ब्राऊन होते. आदल्या वर्षी मिसिसिपीवर ‘इंडियनोला’ ही चिलखती नौका शत्रूच्या हाती देऊन त्यांना कैद पत्करावी लागली होती. अशा माणसाला पुन्हा हुकमत मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

त्या सकाळी ‘टेकमसे’ ही चिलखती नौका पाणसुरुंगावर आदळून दोन-तीन मिनिटांत नव्वदांहून अधिक माणसांसह तळाला गेली. रांगेच्या शेवटच्या जोडीतील ‘वनायडा’च्या बॉयलरमध्ये गोळा शिरला, दोन वर्षांपूर्वी इटास्काला झालेलीच ती जखम. पण या वेळी तिची जोडीदार ‘गलीना’ तिला ओढत किल्ल्यापलीकडे घेऊन गेली. जोड्या बांधण्याची युक्ती कितपत खरी, याचा पुरावा इटास्काच्या अगदी पाठीमागेच मिळाला. ऑसिपी व इटास्का किल्ल्यासमोरून सुखरूप पार झाल्या. पुढे ऑसिपी ‘टेनेसी’ या शत्रूच्या लोहनौकेवर चाल करून गेली तेव्हा समोरून पांढरे निशाण चढले. यंत्रे उलटी फिरवूनही ती थोडीशी धडकलीच. मोबीलचा उपसागर बंद झाला, शहर मात्र १२ एप्रिल १८६५ पर्यंत हाती आले नाही. दरम्यान इटास्का पुन्हा टेक्सासच्या किनाऱ्यावर पाळतीला उभी होती.

नाकेबंदी यशस्वी झाली काय, यावर इतिहासकारांत वाद आहे. पहिल्या वर्षी दहांतील नऊ चोरटी जहाजे निसटत आणि अखेरीसही निम्मी निसटत, असे अंदाज दाखवून काहीजण तिला चाळणी म्हणतात. पण हा हिशेब अर्धवट आहे. जी जहाजे निघाली त्यांची तो मोजणी करतो, जी निघालीच नाहीत त्यांची करीत नाही. युद्धापूर्वीच्या तीन वर्षांत दक्षिणेतून सुमारे एक कोटी गाठी बाहेर गेल्या होत्या. युद्धाच्या शेवटच्या तीन वर्षांत नाकेबंदीतून गेल्या त्या सुमारे पाच लाख. निसटणारी जहाजे वेगासाठी सडपातळ बांधलेली. त्यांत माल मावणार तो किती? इटास्कासारख्या नौकांनी चोर फार पकडले नाहीत, पण मोठा व्यापार करणाऱ्यांना घरी बसवले.

मुंबईत या सर्वाचा हिशेब १८६५ मध्ये चुकता झाला. कापसाच्या पैशाने बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या उगवल्या होत्या. बॅक बे कंपनीच्या शेअरसाठी मोठमोठे लोक प्रेमचंद रायचंद यांच्या दारात ताटकळत. एप्रिलमध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण गेल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै ही वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याची तारीख होती. त्या दिवशी कित्येक घराणी रस्त्यावर आली. प्रेमचंद यांचाही डोलारा कोसळला. त्यांनी आधी देऊन ठेवलेल्या देणगीतून विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा मात्र पुढे उभा राहिला, त्यांच्या मातोश्री राजाबाई यांच्या नावाने. शेतकऱ्यांच्या वाट्याला मनोरे आले नाहीत. चढ्या भावाच्या भरवशावर काढलेली सावकारी कर्जे, आणि त्याच काळात झालेल्या नव्या पाहणीतले वाढलेले सारे, भाव उतरल्यावरही तसेच राहिले. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्याच्या चौकशीत इतर कारणांबरोबर कापसाच्या या तेजी-मंदीचाही विचार झाला.

२३ जून १८६५ रोजी नाकेबंदी उठवण्याची घोषणा निघाली. ऑगस्टमध्ये इटास्का फिलाडेल्फियास परतली आणि २२ तारखेला तिला कामावरून कमी करण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा लिलाव झाला. तिच्या सहोदरांपैकी उनाडिल्ला आणि ‘अरूस्टुक’ पुढे चीनच्या समुद्रात पाठवल्या गेल्या आणि १८६९ मध्ये त्याही विकल्या गेल्या. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत नव्वद दिवसांच्या बहुतेक तोफनौकांवरून नौदलाचे निशाण उतरले होते. लाकूड कुजले होते.